विहारातला उलटा खांब

हिरा,

गेल्या रविवारी नितेश तुझी कापडी पिशवी घेऊन कात्रपला आमच्याकडे आला. लिफ्ट बंद होती. चार मजले चढून आला, धापा टाकत बसला, पाणी प्यायला आणि पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. आत तुझी वही, मीटर टेप, सुताराची एक पटाशी आणि दाढीचा तो जुना ब्रश, ज्याने तू लाकडावरची धूळ झटकायचास.

"काका, पप्पांचं गावाचं पुस्तक आता तुम्हीच पुरं करा," तो म्हणाला. "पाच वास्तू लिहून झाल्यात. सहावी तेवढी राहिलीय. वर्षश्राद्धाच्या आत छापू."

सहावी म्हणजे आमच्या बौद्धवाडीतला विहार. बिचाऱ्या नितेशला कुठे माहीत, की त्या सहाव्या वास्तूवरूनच त्याचे पप्पा आणि काका गेले आठ महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते. मीही सांगितलं नाही. चहा घे म्हटलं. जाताना तो पाया पडला, तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरेना.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. गावात सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात, मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. मला ते जमत नाही. तू हट्टी होतास, समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडायचास, आणि तुझी स्वतःची चूक निघाली की तुला कमी ऐकू यायचं. हे सगळं तुला तोंडावर सांगता येणारा मी एकटाच होतो. आता ते कोणाला सांगू, हा माझा पहिला प्रश्न आहे.

तुझं मला सगळ्यात आवडलेलं बोलणं तू कधी भाषणात केलं नाहीस. शाळेच्या पडवीत बसून केलंस, आपण दोघं कौलं मोजत होतो तेव्हा. "मद्या, मी तीस वर्सं लोकांची घरां मोरली रं," तू म्हणालास. आणि खरंच होतं ते, घरं मोडायचंच तुझं काम होतं. उल्हासनगरात कॅम्प एकच्या त्या सिंधी शेटच्या जुन्या लाकडाच्या वखारीत तू कामाला होतास. आजूबाजूच्या गावात कोणी जुनं घर पाडून बिल्डरला जागा दिली की शेट तुला पाठवायचा. तू जायचास, आढं, वासे, खांब, चौकटी नीट सोडवून टेम्पोत भरायचास आणि त्यांची पुढे टेबलं-खुर्च्या व्हायची. एकदा म्हणे एका घराची चौकट काढताना तू थबकलास, कारण तिच्यावर पोरांच्या उंचीच्या रेघा होत्या. शेट तुला म्हणाला, "अरे हीरा, लकडी देख, घर मत देख." ते वाक्य तू मला सांगितलंस आणि मोजून झालेलीच कौलं पुन्हा मोजायला लागलास. तुला त्याची लाज वाटत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही पुढे मी त्याचा जो उपयोग केला, त्याबद्दल खाली लिहितो.

त्या वखारीतच तुला लाकूड वाचायला आलं. जुने सुतार जोडणीच्या प्रत्येक टोकावर पटाशीने खुणा करायचे. एक रेघ, दोन रेघा, दोन उभ्या नि एक आडवी. म्हणजे घर सोडवून दुसरीकडे उभं करायचं झालं तर कोणतं टोक कुठल्या खाचेत बसेल ते कळावं. तू मला ते शिकवलंस. मी आयुष्यभर नकाशे ट्रेस केले, हजारो घरं कागदावर काढली, पण घराच्या अंगावर अशी अक्षरं असतात हे मला साठीनंतर समजलं. रिटायर झाल्यावर तू म्हणालास, आपल्या गावाचं पुस्तक करू. तू वाचणार, मी नकाशे काढणार. शंकराचं देऊळ झालं, पायऱ्यांची विहीर झाली, भाताचं कोठार आणि शाळा झाली. विहिरीत उतरताना तू घसरलास आणि वर येऊन मला म्हणालास, नकाशात ही पायरी मोडकी दाखव. मी दाखवली आहे.

पाचव्या वास्तूपाशी, चावडीपाशी, मात्र घोडं अडलं. चावडी आपण शाळेत असताना पाडून सिमेंटची केली होती. गावातले लोक तरी तिला जुनी म्हणतात, दसऱ्याला हार घालतात. तू वैतागायचास. जुन्या चावडीचं एकच तुळईचं टोक तुझ्या गोठ्यात उरलं होतं, त्यावर तीन खुणा होत्या. खांब कुठे गेले, कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा.

तू दरवर्षी खीर खायला यायचास, तसाच आलास. विहारात चटईवर बसलास, वाटी हातात. मी पंख्याची वायर नीट करत होतो. तू एकदम हाक मारलीस.

"मद्या, इकरं ये. यो खांब उलटा हाय."

"उलटा म्हणजे?"

"डोक्यावर उभा हाय रं. ही कळी बघ. वर पायजे ती खाली आयलीय."

निळ्या ऑइल पेंटचे इतके थर चढले होते की मला त्या खांबावर कळी आहे हेही माहीत नव्हतं. तिसऱ्या खांबाच्या तळाशी, फरशीपासून वीतभर वर, कमळाची एक कळी खाली तोंड करून होती. तू हसायला लागलास. नेहमीसारखा, पोट धरून.

"कोनी उभा केला, तुज्या बापानं?"

हिरा, आजूबाजूला दहा-बारा माणसं खीर खात होती. आणि तो खांब माझ्या बापानंच उभा केला होता. कारखान्यातून सुटून आल्यावर वाडीतले लोक रोज दोन तास काम करायचे, असा तो विहार बांधला. भिंती त्यांनी रचल्या, वर पत्रे त्यांनी चढवले. त्यात कोणी सुतार नव्हता, कारण गावातला सुतार आला नव्हता. तू मस्करी केलीस, मला ठाऊक आहे. पन्नास वर्षं तू माझ्या बापावरून मस्करी करत होतास आणि मी तुझ्या नाकावरून. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू ब्रश आणि पटाशी घेऊन हजर. चारही खांबांचा रंग बोटाएवढा खरवडलास, त्याखालच्या खुणा गोठ्यातल्या तुळईच्या खुणांशी ताडून पाहिल्यास आणि रस्त्यातूनच ओरडत आलास. "तुजा विहार गावातली सगल्यात जुनी वास्तू हाय! चावडी हितं उभी हाय आनी आपुन तिकरं सिमेटला हार घालतो!"

तुझा चेहरा असा उजळला होता, की दुसरं कोणी असतं तर त्या आनंदातच सामील झालं असतं. मी म्हणालो, "ज्या चावडीच्या पायरीवर माझ्या आजोबाला पाय ठेवता येत नव्हता, तिच्या खांबांमुळे आमचा विहार मोठा होणार असेल तर तो लहानच राहू दे."

"लाकराची काय चूक?"

"तुला लाकूडच दिसणार. शेटनं चांगलं शिकवलंय. घर बघायचं नाही, लाकूड बघायचं."

तू पटाशी पिशवीत टाकलीस. मी ते वाक्य मागे घ्यायला हवं होतं आणि त्याला दोन मिनिटंही लागली नसती. निघताना तू एवढंच म्हणालास, "तुज्या आयेला विचार. खांब कसं आलं तिना ठाव आसंल. मी विचारलं तं ती सांगाची नाय."

आई माझ्याच घरात राहते, तुला माहीत आहे. माझ्या खोलीपासून तिची खोली बारा पावलांवर. आठ महिने मी ती बारा पावलं चाललो नाही. तू सांगितलंस म्हणून विचारायचं नाही, इतकंच कारण होतं. साठी उलटलेल्या माणसाचं हे असलं कारण.

उलट मी काय केलं, तर विहार समितीने नवीन इमारत करायची ठरवल्यावर मीच तिचा नकाशा काढून दिला. स्लॅब, घुमट, पांढऱ्या टाइल्स. एप्रिलमध्ये जयंती झाली की जुनं पाडायचं. खांबांसाठी नकाशात जागाच ठेवली नाही. समितीत कोणीतरी विचारलं, लाकडाचं काय, तर मी म्हणालो, भंगारवाल्याला द्या. हे तुझ्या कानावर जाणार हे मला माहीत होतं. तेवढ्यासाठीच म्हणालो होतो.

तू आलास. पावट्याच्या शेंगांचे दिवस होते. तू बिल्डिंगच्या गेटवरून वॉचमनला फोन करायला लावलास आणि मी त्याला सांगितलं, साहेब घरी नाहीत म्हण. खिडकीतून मी तुला पाहत होतो. तू वर पाहिलंस की नाही, ते पडद्यामुळे कळलं नाही. शेंगांची पिशवी वॉचमनकडे देऊन तू स्कूटर वळवलीस. त्या शेंगा आम्ही मडक्यात वाफवून खाल्ल्या. चांगल्या होत्या. फोन करून एवढं सांगणंही माझ्याकडून झालं नाही, आणि महिन्याभरात तू गेल्याचा नितेशचाच फोन आला.

तर नितेश पिशवी ठेवून गेला आणि मी ती बारा पावलं चाललो. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी विचारलं, "आई, विहाराचे खांब कुठून आले?"

तिने वर पाहिलंही नाही. "चावडीचं हायत."

"तुला माहीत होतं?"

"मी व्हते ना तिथं."

मग तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं, तू घेतलं असतंस तसं. "चावडी पाडली तवा लाकडं वरीसभर भायेर भिजत पडली व्हती. मंग तुझ्या दोस्ताचा बाप, पाटील, वाडीत आला. न्या म्हनला ती लाकडं. तुमच्या मसनात लागतील जाळायला. आमच्यात लाकूड कवा पुरायचं नाय, ते त्याला ठाव व्हतं. मानसांनी आनली उचलून. त्याच आठवड्यात वाडीतला कोंडाआज्जा गेला. त्याच्या सरणावर एक खांब लावला. पेटला पन वरल्या टोकाला. आनी तुझ्या बापानं बघितलं, की त्याच्यावर कमळ हाय. त्यानं हातानं वढून काढला भायेर. म्हनला, कमळ जाळायचं नाय. हात भाजला त्याचा."

माझ्या बापाच्या डाव्या तळहातावर एक चट्टा होता, हिरा. मला लहानपणी सांगितलं होतं, की तो कारखान्यात भाजला.

"मंग म्हनले, बाकीचं बी जाळायचं नाय. विहार बांधू. जळलेलं टोक मातीत घातलं, चांगलं टोक वर ठेवलं. पत्र्याचं वजन जळलेल्या टोकावर कसं टिकंल? म्हनून उलटा हाय तो."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कवा विचारलंस?" ती म्हणाली. "आनी सांगून काय करायचं व्हतं. खांब उभं व्हतं ना."

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. मला आधी बापाचा अभिमान वाटला, मग तुझी आठवण आली आणि मी रडलो. आई म्हणाली, रडतोस कशाला, लसूण सोल. मी सोलला.

पण तुला आईच्या सांगण्यावर भागलं नसतं. तू म्हणाला असतास, तोंडचं ठीक आहे, लाकूड काय म्हणतंय? म्हणून बुधवारी मी गावात गेलो. समितीचा सेक्रेटरी अक्षय बाइकवरून न्यायला आला होता. तिसऱ्या खांबापाशी आम्ही एक फरशी उचकटली आणि हातभर माती काढली. अक्षयने मोबाइलचा टॉर्च धरला. आत खांब काळा होता. वाळवी नव्हती, कीड नव्हती, नुसता कोळसा आणि त्याच्या आत टणक साग. मी हात लावला, बोटं काळी झाली.

"सर, हा तर खरंच जळलेला आहे," अक्षय म्हणाला. मग जरा वेळाने, "म्हणजे आपल्या लोकांनी हा चितेतून काढलाय?"

"माझ्या वडिलांनी."

त्याने बाकीच्यांना फोन लावले. संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी जमली. आईची सगळी हकीकत मला तीनदा सांगावी लागली. नवीन इमारत होणारच आहे, पत्र्यातून पाणी गळतं आणि तिथे चाळीस माणसं बसली की एकेचाळिसाव्याला बाहेर उभं राहावं लागतं. पण चारही खांब आता नव्या विहाराच्या दर्शनी भागात उभे राहणार आहेत, रंग काढून. मी नकाशा पुन्हा काढतोय. अक्षयने विचारलं, "सर, तिसरा सरळ करून लावू ना? लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत, उलटाच लाव. एकाने खांबांवर चावडीचं नाव लिहू नका म्हणून वाद घातला. मी त्याच्याशी भांडलो नाही, कारण तो माझंच बोलत होता. त्याला एवढंच सांगितलं, की हे खांब आपले आहेत ते चावडीचे म्हणून नव्हे. ते जाळायला दिलेले होते आणि आपण ते जाळले नाहीत, म्हणून आपले आहेत. त्याला पटलं की नाही, माहीत नाही.

तुझं म्हणणं बरोबर निघालं आणि माझंही. दोघांनाही अर्धं अर्धंच माहीत होतं आणि उरलेलं बारा पावलांवर लसूण सोलत बसलं होतं. हे तुला सांगता आलं असतं तर तू मला काय काय बोलला असतास, ते मी रोज मनातल्या मनात ऐकतो. ते ऐकायला मी काहीही द्यायला तयार आहे.

गुरुवारी मी सहाव्या वास्तूचं लिखाण पूर्ण केलं. तू म्हणायचास, पुस्तकात ऐकीव लिहायचं नाही, आणि जिवंत माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तर ते गाळायचं नाही. म्हणून मी काही गाळलं नाही. पाटलांचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, त्यांच्या नावासकट. मग लिखाण नितेशला पाठवलं. पुस्तक तुझं, पैसा तुझ्या घरचा आणि ते वाक्य तुझ्या वडिलांचं.

दोन दिवस काहीच आलं नाही. मग नितेशचा फोन.

"काका, हे असंच जाणार?"

"माझ्याकडून असंच जाईल. तुम्हाला नको असेल तर सहावी वास्तू मी वेगळी छापीन, तुझ्यावर राग नाही."

"पप्पांना माहीत होतं का हे?"

"नाही," मी म्हणालो. पण म्हणताना मला शंका आली, ती मी त्याला बोललो नाही, तुला बोलतो. तुझ्या वहीत पाचही वास्तूंच्या पानांवर कोणी बांधली, कोण राखायचं, कोण कुठे बसायचं, सगळं आहे. चावडीच्या पानावर तिथला शिपाईसुद्धा आहे. वर्षानुवर्षं त्याच चावडीत बसणारे तुझे वडील मात्र अख्ख्या वहीत कुठेच नाहीत. त्यांना तू का गाळलंस? तुला काही ऐकून माहीत होतं, की फक्त भीती होती? मला माझ्या आईला विचारायला सांगताना तुझ्या मनात काय होतं?

नितेश म्हणाला, मम्मीला विचारून सांगतो.

आज सकाळी वहिनींनी स्वतः फोन केला. इतक्या वर्षांत त्यांनी मला केलेला पहिलाच फोन असेल, एरवी तूच बोलायचास आणि त्या मागून काहीतरी सुचवायच्या. आधी माझ्या तब्येतीचं विचारलं, आईचं विचारलं. मग म्हणाल्या, "भावजी, पोरानं मना वाचून दावलं. तुमचे आये खोटं सांगाचे नाय. ऱ्हाऊ द्या तसाच. छापा."

मी बरं म्हणालो.

"पन भावजी, माजा सासरा तवराच नव्हता," त्या म्हणाल्या. "ते पन लिवा."

"काय लिहू, वहिनी?"

"मी लगीन होऊन आयले तवा ते आंथरुनाव व्हते. मना काय ठाव? ह्यांना ठाव व्हतं. ह्ये बापाचा कवा कवा बोलाचे."

तुझे वडील मला आठवतात ते पांढरं धोतर, हातात काठी आणि समोरून आले की आम्ही गल्ली बदलायचो, एवढेच. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. कोणताही माणूस एका वाक्याएवढा नसतो आणि पुस्तकात त्यांचं एकच वाक्य जाणं मलाही बरं वाटत नाही. म्हणून दुपारपासून मी वही घेऊन बसलोय, पण पान कोरंच आहे. पन्नास वर्षं आपण एकत्र चहा प्यालो, हिरा. तू माझ्या बापाबद्दल हजार गोष्टी विचारल्यास, आणि मी तुझ्या बापाबद्दल तुला एकदाही काही विचारलं नाही.